विश्लेषण : ताज हॉटेलात लिफ्ट आणि पंखे आणणाऱ्या जमशेटजी टाटांना चांद्याचं लोखंड का मिळालं नाही?

महाशिवरात्रीच्या जत्रेत मार्कंड्याला वैनगंगेत उतरण्याआधी अनेक जण एक काम आठवणीने करतात. मोबाइल प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून घरातल्या एखाद्याच्या हाती देतात. काठावर फुगे आणि बांगड्यांच्या शेजारीच चार्जर, कव्हर, इअरफोन विकायला असतात. कुठला फोन चांगला, कुठल्याची बॅटरी टिकते, कोणती कंपनी नुसती जाहिरातच करते, याची चर्चा रांगेतही चालू असते.

याच चामोर्शी तालुक्यात कोनसरीला आज स्पंज आयर्नचा प्रकल्प आहे आणि एटापल्ली तालुक्यातल्या सुरजागडच्या डोंगरातून लोहखनिज निघतं. या भागातल्या लोखंडावर कारखाना उभारायचा विचार मात्र फार जुना आहे. सुमारे १४० वर्षांपूर्वी तो एका माणसाने मनावर घेतला होता. त्याला नव्या यंत्रांचं विलक्षण वेड होतं आणि त्याच्या जवळपास प्रत्येक खरेदीवर आजूबाजूच्या लोकांनी नाक मुरडलं होतं. त्याचं नाव जमशेटजी नसरवानजी टाटा.

सुरुवात कुठून झाली?

३ मार्च १८३९ रोजी गुजरातमधल्या नवसारीत पारशी पुरोहितांच्या घराण्यात जमशेटजींचा जन्म झाला. वडील नसरवानजी पौरोहित्य सोडून मुंबईत व्यापारात शिरले होते. मुलगा चौदाव्या वर्षी मुंबईत आला, एल्फिन्स्टन कॉलेजात शिकला आणि १८५८ मध्ये बाहेर पडला. पुढच्याच वर्षी त्याला हाँगकाँगला पाठवण्यात आलं. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला होता. युद्ध संपलं तसा भाव कोसळला आणि टाटांसकट अनेक घरं बुडायची वेळ आली. त्या वेळी जमशेटजी लंडनमध्ये होते.

१८६८ मध्ये २१ हजार रुपयांच्या भांडवलावर त्यांनी स्वतःची पेढी काढली. पुढच्या वर्षी चिंचपोकळीची एक दिवाळखोर तेल गिरणी विकत घेऊन तिची कापड गिरणी केली आणि दोनेक वर्षांत नफ्यात विकली. मग इंग्लंडला जाऊन लँकेशायरच्या गिरण्या नीट पाहून घेतल्या.

नागपूरच का?

तेव्हा कापड गिरणी म्हटलं की मुंबई, असं समीकरण होतं. जमशेटजींनी वेगळा हिशेब केला. कापूस जिथे पिकतो तिथेच सूत काढायचं. जवळ कोळसा हवा, रेल्वे हवी, माल खपायला बाजार हवा. वऱ्हाड आणि नागपूरचा कापूस, वरोऱ्याची सरकारी कोळसा खाण आणि रेल्वे, हे सगळं नागपुरात जुळत होतं. स्टेशनजवळ जुम्मा तलावालगतची दलदलीची जागा त्यांनी घेतली.

इथे पहिलं नाक मुरडलं गेलं. एका स्थानिक सावकाराकडे पैसे मागितले, तर त्याला ती जागा पाहून हा माणूस सोनं चिखलात ओततोय असंच वाटलं आणि त्याने नकार दिला. जमशेटजी माती टाकून सोनं काढत होते, हे त्याने पुढे कबूल केल्याचं सांगतात. १ जानेवारी १८७७ रोजी व्हिक्टोरिया राणीला हिंदुस्थानची सम्राज्ञी घोषित करण्यात आलं आणि त्याच दिवशी एम्प्रेस मिल सुरू झाली.

इथे जमशेटजी स्वतःही चुकले, हे सांगायला हवं. पहिली यंत्रं त्यांनी स्वस्तातली घेतली होती. सूत नीट निघेना, उत्पादन पडलं. ऑनलाइन सेलमध्ये स्वस्तातला फोन घेऊन सहा महिन्यांत हात पोळलेल्या कुणालाही हा अनुभव ओळखीचा वाटेल. फरक इतकाच, की जमशेटजींनी नंतर यंत्रांवर पैसे वाचवायचं सोडून दिलं.

रिंग स्पिंडलचा किस्सा

लँकेशायरमध्ये तेव्हा सूतकताईसाठी म्यूल नावाचं यंत्र चालायचं. त्याचा गाडा मागे-पुढे फिरतो, धागा ओढतो, मग थांबून गुंडाळतो. रिंग स्पिंडलमध्ये पीळ देणं आणि गुंडाळणं ही दोन्ही कामं न थांबता एकाच वेळी होतात. वेग जास्त, कामगाराला कौशल्य कमी लागतं. अमेरिकेत निघालेलं हे तंत्र इंग्रजांना मानवत नव्हतं. लँकेशायरचा नेहमीचा पुरवठादार तशी यंत्रं करून द्यायला तयार नव्हता. जमशेटजींनी दुसऱ्या कंपनीकडून दोन मागवली, नागपुरात चालवून पाहिली आणि पटल्यावर जुनी यंत्रं बदलत नेली. जगाच्या कापडव्यवसायाची राजधानी शंका घेत होती, तेव्हा नागपूरची गिरणी चाचणी करून मोकळी झाली होती.

गिरणीत आग विझवणारे पाण्याचे फवारे आणि हवेत ओलावा राखणारी यंत्रं बसवण्यात आली. देशातल्या गिरण्यांमध्ये तेव्हा या गोष्टी जवळपास अनोळखी होत्या. ओलाव्यामुळे धागा तुटत नाही, हा मालकाचा फायदा झाला. नागपूरच्या उन्हाळ्यात यंत्राजवळ दिवसभर उभं राहणाऱ्याला त्याच हवेने काय दिलं, ते नागपूरकरांना सांगायला नको. १८८६ मध्ये कामगारांसाठी पेन्शन फंड आणि १८९५ मध्ये अपघात भरपाई सुरू झाली. कायद्याने हे बंधनकारक व्हायला अजून बरीच वर्षं होती.

चांद्याचा अहवाल

१८८२ मध्ये जमशेटजींच्या हाती एक अहवाल पडला. रिटर फॉन श्वार्त्स या जर्मन तज्ज्ञाने चांदा जिल्ह्यातल्या लोखंडाचा अभ्यास केला होता. आजचा गडचिरोली जिल्हा तेव्हा चांद्यातच होता. तो वेगळा झाला २६ ऑगस्ट १९८२ रोजी, म्हणजे या अहवालानंतर बरोबर १०० वर्षांनी. लोहारा इथलं खनिज उत्तम आहे आणि वरोऱ्याचा कोळसा फार लांब नाही, असं त्या अहवालातून दिसत होतं.

जमशेटजींनी वरोऱ्याच्या कोळशाचे नमुने जर्मनीला नेऊन तपासून घेतले. निकाल निराशाजनक होता.

कारण समजून घ्यायला जरा रसायनशास्त्र लागेल. झोतभट्टीत खनिजातला ऑक्सिजन काढून घ्यायला कोक लागतो. कोळसा हवेविना तापवला की कोक मिळतो, पण त्यासाठी तो कोळसा तापल्यावर मऊ होऊन घट्ट गोळा बनणारा असावा लागतो. वर्धा खोऱ्यातला कोळसा तसा नाही. तो चुलीला, बॉयलरला चालतो. झोतभट्टीत मात्र वरच्या शेकडो टन मालाखाली त्याचा भुगा होतो आणि हवा कोंडते. त्यावर सरकारचे खाणकामाचे नियम इतके जाचक होते, की खासगी माणसाने पैसे घालणं परवडणारं नव्हतं. जमशेटजींनी विषय बाजूला ठेवला. सोडला मात्र नाही. लोखंडाबद्दलची कात्रणं आणि अहवाल ते जमवत राहिले.

ताजमध्ये काय काय होतं?

मधल्या काळात मुंबईत त्यांची यंत्रांची हौस उघड दिसत होती. बग्गीला रबरी टायर लावणाऱ्या आणि मोटारगाडी घेणाऱ्या पहिल्या काही मुंबईकरांत त्यांचं नाव घेतलं जातं. मोठा प्रयोग होता ताजमहाल हॉटेलचा. त्यांनी हा बेत सांगितला तेव्हा घरातूनच थट्टा झाली. एका बहिणीला प्रश्न पडला, की संशोधन संस्था, पोलाद, वीज यांच्या गोष्टी करणारा भाऊ आता खाणावळ चालवणार का.

१६ डिसेंबर १९०३ रोजी ताज सुरू झालं. अमेरिकेतून पंखे, जर्मनीतून लिफ्ट, तुर्की पद्धतीची स्नानगृहं. विजेसाठी स्वतःचा जनरेटर, बर्फ आणि सोडा तयार करायचा कारखाना, कपडे धुण्याची यंत्रं. विजेचे दिवे असलेल्या मुंबईतल्या पहिल्या मोठ्या इमारतींपैकी ही एक. साधी खोली १० रुपयांना होती. पंखा आणि जोडून स्नानगृह हवं असेल तर १३ रुपये. म्हणजे आजच्या एसी आणि नॉन-एसी दरपत्रकासारखीच सोय १९०३ मध्ये होती.

वीज आणि लिफ्ट ही श्रीमंतांची चैन होती, हे खरंच आहे. हातमागावर पोट असलेल्या विणकराला एम्प्रेस मिलचा वेगही काही सुखाचा नव्हता. पण परदेशातून पंखे आणि लिफ्ट मागवणाऱ्या या माणसाला ती बनवायला लागणारं पोलाद, वीज आणि शिकलेली माणसं इथेच हवी होती. १८९८ मध्ये त्यांनी विज्ञान संस्थेसाठी सुमारे ३० लाखांची मालमत्ता देऊ केली होती, म्हणजे जवळपास अर्धी संपत्ती. बेंगळुरूची भारतीय विज्ञान संस्था १९०९ मध्ये स्थापन झाली, तेव्हा ते हयात नव्हते. मुंबईला खोपोलीची जलविद्युत मिळाली १९१५ मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर ११ वर्षांनी.

पुन्हा चांदा

१८९९ मध्ये लॉर्ड कर्झनच्या काळात खाणींचे नियम सैल झाले आणि जमशेटजींनी जुनी कात्रणं बाहेर काढली. १९०२ मध्ये ते अमेरिकेला गेले. साठी ओलांडलेली, तब्येत खालावलेली, तरी पिट्सबर्गच्या भट्ट्या हिंडून पाहिल्या. न्यूयॉर्कमध्ये चार्ल्स पेज पेरिन या अभियंत्याला गाठून त्याला हिंदुस्थानात यायला तयार केलं. पेरिनने आधी सहकारी भूगर्भतज्ज्ञ सी. एम. वेल्डला पाठवलं.

१९०४ मध्ये वेल्ड, जमशेटजींचा मुलगा दोराबजी आणि भाचा शापुरजी सकलातवाला चांद्याच्या जंगलात शिरले. (हेच सकलातवाला पुढे ब्रिटिश संसदेत कम्युनिस्ट खासदार झाले. टाटांच्या गोष्टीत अशी वळणं बरीच आहेत.) प्रवास बैलगाडीने, भोवती वाघांचं रान. पिण्याजोग्या पाण्याची इतकी टंचाई, की काही वेळा सोडावॉटर उकळून चहा करावा लागला. ताजच्या मालकाचा मुलगा चांद्याच्या रानात सोड्याचा चहा पीत होता.

वेल्डचा निष्कर्ष सरळ होता. खनिज चांगलं आहे, पण विखुरलेलं. आधुनिक पोलाद कारखान्याला वर्षानुवर्षं पुरेल असा एकगठ्ठा साठा नाही, आणि कोळशाचं दुखणं तसंच. चांदा सोडायचं ठरलं.

ते कळवायला दोराबजी नागपूरच्या सचिवालयात गेले. अधिकाऱ्याची वाट पाहताना वेळ घालवायला समोरच्या संग्रहालयात शिरले. तिथे मध्य प्रांताचा भूगर्भीय नकाशा टांगलेला होता आणि दुर्ग जिल्ह्याजवळ लोहखनिज दाखवणारा गडद रंग होता. वेल्ड परत निघायच्या बेतात होता, त्याला थांबवून घेण्यात आलं. दल्ली-राजहराचे ते डोंगर जवळजवळ लोखंडाचेच निघाले. तिथेही कोळसा आणि पाण्याचं गणित जमलं नाही. तो नकाशा तयार करणारे भूगर्भशास्त्रज्ञ प्रमथनाथ बोस यांनी नंतर मयूरभंजची माहिती कळवली आणि कारखाना साकचीला गेला. साकची म्हणजेच आजचं जमशेदपूर. दल्ली-राजहराचं खनिज पुढे भिलाईच्या कामी आलं.

जमशेटजींनी यातलं काही पाहिलं नाही. १९ मे १९०४ रोजी जर्मनीतल्या बाड नाउहाइम इथे त्यांचं निधन झालं आणि इंग्लंडमधल्या ब्रुकवुड दफनभूमीत त्यांचं दफन झालं. टाटा रेल्वेचे रूळ बनवू शकले तर त्यातला प्रत्येक पौंड आपण खाऊ, अशी पैज रेल्वेच्या एका बड्या इंग्रज अधिकाऱ्याने मारली होती. फेब्रुवारी १९१२ मध्ये साकचीत पोलाद निघालं आणि पहिल्या महायुद्धात तिथले रूळ मेसोपोटेमियापर्यंत गेले.

मग आता कसं जमलं?

जमशेटजींना अडलेला कोक स्पंज आयर्नच्या पद्धतीत लागत नाही. फिरत्या भट्टीत खनिज न वितळवताच त्यातला ऑक्सिजन काढला जातो आणि त्यासाठी साधा, कोक न होणारा कोळसा चालतो. १८८२ मध्ये हे तंत्र औद्योगिक वापरात नव्हतं.

कोळशाचा प्रश्न सुटला, पण दुसरे उभे राहिले. सुरजागडचा डोंगर माडिया आदिवासींसाठी ठाकूरदेवाचं ठिकाण आहे. खाणीला ग्रामसभांचा विरोध झाला, खनिजाच्या ट्रकांवरून आणि जंगलतोडीवरून आंदोलनं झाली. रोजगार मिळतोय म्हणून समाधान मानणारी घरंही त्याच तालुक्यांत आहेत. भामरागडकडे काही गावांत अजून नेटवर्क शोधत टेकडी चढावी लागते. १९०४ च्या शोधपथकाने लोहाराच्या गावकऱ्यांना काय वाटतं हे विचारलं होतं का, याची नोंद टाटांच्या नेहमी सांगितल्या जाणाऱ्या गोष्टीत येत नाही. सोड्याच्या चहाची येते.