पालथा जन्मलेला राजपुत्र

गडहिंग्लज तालुक्यातील नेसरीच्या खिंडीत २४ फेब्रुवारी १६७४ रोजी सरनोबत प्रतापराव गुजर बहलोलखानाच्या फौजेवर तुटून पडले. बरोबर अवघे सहा स्वार होते, असे परंपरा सांगते. सातही जण कामी आले. बरोबर चार वर्षे आधी, २४ फेब्रुवारी १६७० रोजी, राजगडावर शिवाजी महाराज व सोयराबाई यांना पुत्र झाला होता. पुढे याच राजारामांशी प्रतापरावांच्या कन्या जानकीबाईंचा विवाह झाला. जावयाची जन्मतारीख तीच सासऱ्याची मृत्युतारीख! आकड्यांत शुभाशुभ शोधणाऱ्यांना आणखी काय हवे?

पंचांग उघडले की मात्र हा योग विरतो. त्या काळी आपल्याकडे तारीख नव्हे, तिथी पाहत. राजारामांच्या जन्मदिवशी पौर्णिमा होती. नेसरीच्या दिवशी महाशिवरात्र, म्हणजे अमावास्येच्या तोंडावरची चतुर्दशी. शिवाय २४ फेब्रुवारी ही जुन्या इंग्रजी कालगणनेची तारीख. आजच्या हिशेबाने दोन्ही दिवस ६ मार्चचे ठरतात.

खरा अपशकुन निराळाच होता. बाळ पालथे उपजले आणि गडावर चिंता पसरली. हा दिल्लीची पातशाही पालथी घालील, असा अर्थ लावून महाराजांनी ती शंका निकालात काढली, असे सभासद बखर सांगते. ही बखर जिंजीत राजारामांच्याच आज्ञेवरून लिहिली गेली, हे ध्यानात घ्यावे. मोगली वेढ्यात अडकलेल्या राजाला ही कथा किती हवीशी असेल!

जानकीबाईंशी विवाह झाला तो मार्च १६८० मध्ये. तीन आठवडे उलटतात तोच, ३ एप्रिलला, महाराज निवर्तले. नव्या सुनेच्या पायगुणाची चर्चा करणाऱ्या समाजात यावर काय कुजबुज झाली असेल, ते कोणा बखरकाराने नोंदवलेले नाही. पुढल्याच वर्षी सोयराबाईही गेल्या. १६८९ मध्ये संभाजी महाराज पकडले गेले आणि रायगडावर घाईघाईने राजारामांचे मंचकारोहण झाले. मुहूर्त शोधायला सवड होतीच कुठे? रायगड सोडून ते प्रतापगड, पन्हाळामार्गे निघाले आणि लिंगायत यात्रेकरूच्या वेशात, केळदीच्या चन्नम्मा राणीच्या आश्रयाने जिंजीला पोहोचले. तेथून सुमारे आठ वर्षे त्यांनी राज्य जिवंत ठेवले. संताजी आणि धनाजी यांनी महाराष्ट्रात मोगलांना स्वस्थता लाभू दिली नाही.

मार्च १७०० मध्ये सिंहगडावर, वयाच्या जेमतेम तिसाव्या वर्षी, त्यांचा अंत झाला. दिल्लीची पातशाही काही त्यांच्या हातून पालथी झाली नाही. पण औरंगजेबालाही दिल्ली पुन्हा दिसली नाही, १७०७ मध्ये तो अहमदनगरजवळ मरण पावला. १७१० मध्ये ताराबाईंनी पन्हाळ्यावर वेगळी गादी स्थापली. तीच पुढे कोल्हापूरची झाली आणि १९४९ मधील विलीनीकरणापर्यंत गडहिंग्लज याच संस्थानात होते.