पॅट्रिक मोरान: गाठीतील जनुकांचा नकाशा वाचणारा आकडा

तुमच्या गाठीचा तुकडा वाटून त्यातील जनुकांची सक्रियता मोजली, तर फक्त सरासरी कळते. कोणते जनुक गाठीच्या कडेला सक्रिय आहे आणि कोणते मध्यभागी, हे कळत नाही. ते शोधण्याची एक पद्धत पॅट्रिक मोरान यांच्या नावाने ओळखली जाते.

मोरान यांचा जन्म १९१७ साली सिडनीत झाला. वडील सर्जन होते. कर्करोगावर रेडियमने उपचार करत. मुलगा मात्र गणिताकडे वळला आणि केंब्रिजला शिकला. १९५० साली त्याने एक साधा प्रश्न आकड्यात मांडला: शेजारशेजारची मापे एकमेकांसारखी आहेत का? उत्तर १ च्या जवळ आले, तर सारखी मापे एकत्र आहेत. शून्याच्या आसपास आले, तर ती कशीही विखुरलेली आहेत. १९५२ पासून मोरान कॅनबेरात प्राध्यापक होते. १९८८ साली त्यांचे निधन झाले. जनुकांचे आजचे नकाशे त्यांना पाहायला मिळाले नाहीत.

लक्षात ठेवा, हा आकडा जनुकाची सारखी सक्रियता शेजारशेजारी एकत्र आहे का एवढेच सांगतो; कारण किंवा औषध सांगत नाही. ही पद्धत मुख्यतः संशोधनात वापरतात. त्यामुळे अशा बातम्या वाचून सुरू असलेले उपचार थांबवू नका. आधी तुमच्या डॉक्टरांना विचारा.