विश्लेषण : दुःखात माणसाला धीर कसा द्यायचा? गाडगेबाबांच्या आयुष्यातून काय समजते?

शहापूर आणि मुरबाड तालुक्यांतील गावांत कोणी वारले की दहाव्या दिवशी भातसा किंवा काळू नदीच्या काठी दशक्रिया विधी होतो. पिंडाला कावळा शिवण्याची वाट पाहत भावकी बसलेली असते आणि बाजूला माइकवर एखाद्या ह.भ.प. महाराजांचे प्रवचन चाललेले असते. दुःखातल्या घराला धीर देण्याची खेड्यापाड्यातली हीच जुनी सोय. समुपदेशक हा शब्द इकडे अलीकडे आला, प्रवचनकार पिढ्यान्‌पिढ्या आहेत. या प्रवचनांत एक गोष्ट हमखास येते. कीर्तन चालू असताना गाडगेबाबांना मुलगा गेल्याची बातमी कळली आणि तरी त्यांनी कीर्तन थांबवले नाही, ती ही गोष्ट. ती ऐकून मान डोलावणे सोपे असते. पण ज्याच्या घरात दहा दिवसांपूर्वी मूल गेले, त्याने त्यातून काय घ्यायचे? याचे उत्तर हवे तर बाबांचे सगळे आयुष्य पाहावे लागते.

लहानपणी कोणते मृत्यू पाहिले?

देबूजी झिंगराजी जाणोरकर यांचा जन्म २३ फेब्रुवारी १८७६ रोजी अमरावती जिल्ह्यातील शेंडगाव येथे परीट कुटुंबात झाला. १८८४ मध्ये, देबू आठ वर्षांचा असताना, वडील झिंगराजी वारले. कारण दारू. देवाच्या नावाने बकरे-कोंबडे कापायचे आणि त्याच निमित्ताने प्यायचे, हा त्या काळी अनेक घरांतला रिवाज होता. आई सखुबाई मुलाला घेऊन माहेरी, मूर्तिजापूर तालुक्यातील दापुरे गावी आली. तिथे मामा चंद्रभानजींच्या शेतात देबू गुरे राखू लागला, पुढे नांगर धरू लागला.

दुसरा मृत्यू या मामांचा. त्यांची जमीन सावकाराच्या कर्जात अडकली आणि त्या धसक्याने ते गेले, असे चरित्रकार सांगतात. म्हणजे एक मरण दारूने, दुसरे कर्जाने. पुढे पन्नास वर्षे बाबा कीर्तनात दारू आणि कर्ज यांच्यावर तुटून पडत होते, त्यामागे पोथीतले ज्ञान नव्हते, घरातला अनुभव होता.

देबूजींचे लग्न १८९२ मध्ये कुंताबाईंशी झाले. मुलीच्या बारशाला जातभाईंना मटण-दारूचे जेवण घालण्याची चाल होती. देबूजींनी गोडाचे जेवण घातले. नातेवाईक नाराज झाले, पण त्यांनी माघार घेतली नाही. १ फेब्रुवारी १९०५ रोजी त्यांनी घर सोडले. अंगावर चिंध्या, हातात खराटा आणि डोक्यावर गाडगे. या गाडग्यावरूनच लोकांनी त्यांना नाव दिले.

तेराव्याच्या खर्चाला विरोध का होता?

बाबांचे कीर्तन म्हणजे समोरच्या माणसांशी चाललेला सवाल-जवाब असे. भाषा वऱ्हाडी, उदाहरणे शेतातली आणि चुलीजवळची. लग्न असो, देवाची जत्रा असो की मयताचे जेवण, कर्ज काढून सण करू नका, हे ते पुन्हा पुन्हा सांगत. जिवंतपणी आईबापाला धड खायला न घालता मेल्यावर गावजेवण घालणाऱ्यांची ते हसत हसत फजिती करत.

यात दुःख हलके करण्याचाच एक भाग होता. घरचा कर्ता माणूस जातो, त्याच महिन्यात भटजी, मंडप, आचारी आणि तांदळाची पोती यांचा खर्च अंगावर पडतो. विधवा बाईला रडायलाही सवड मिळत नाही, कारण उधारी कोणाकडून आणायची याची चिंता आधी. शोक ओसरतो, व्याज मात्र चढत राहते. भातशेतीच्या एका हंगामावर वर्ष काढणाऱ्या किंवा पावसाळा संपताच वीटभट्टीवर जाणाऱ्या कुटुंबाला हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

खारेपाटणला नेमके काय घडले?

साल १९२३. त्या वेळच्या रत्नागिरी जिल्ह्यातील, आता सिंधुदुर्गातील, खारेपाटण येथे बाबांचे कीर्तन चालू होते. मुलगा गोविंद वारल्याची बातमी तिथे येऊन पोहोचली. बाबांनी कीर्तन पुढे चालू ठेवले. जगात रोज किती माणसे जातात, कोणाकोणासाठी रडायचे, अशा आशयाचे बोलून ते पुन्हा भजनाकडे वळले.

ही घटना वैराग्याचे उदाहरण म्हणून सांगितली जाते आणि ते चूक नाही. पण तिच्यातून दुःखी माणसाला रडू नकोस असा धडा काढला जातो, तिथे गडबड होते. बाबा घर सोडून त्या वेळी अठरा वर्षे झाली होती. संसारातले सगळे आपले-परके त्यांनी मागे टाकले होते आणि हा मार्ग त्यांनी स्वतः निवडला होता. ज्याने तो निवडलेला नाही, त्याच्यावर तो लादायचा कसा? दहाव्याला आलेल्या बापाला बाबांची गोष्ट सांगून गप्प करणे म्हणजे त्याच्या दुःखावर झाकण ठेवणे.

या गोष्टीत एक माणूस कायम गाळला जातो : कुंताबाई. गोविंदची आई. नवरा घर सोडून गेल्यावर मुले वाढवली तिने. मुलगा गेला तेव्हा नवरा दूर कोकणात कीर्तन करत होता. तिच्या रडण्याविषयी प्रवचनात कोणी बोलत नाही. तिला वैराग्याची मुभा नव्हती, चूल रोज पेटवावीच लागत होती. घरोघरच्या दुःखाशी जुळणारी बाजू खरे तर तिची आहे.

बाबांनी स्वतः इतरांचे रडणे कधी क्षुल्लक मानले नाही. त्यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या दशसूत्रीत भुकेल्याला अन्न, तहानलेल्याला पाणी, बेघराला आसरा अशी कामे सांगितली आहेत. त्यातच दुःखी आणि निराश माणसाला हिंमत देणे हेही एक काम आहे. अन्न-पाण्याच्या रांगेत हिंमत बसवली, यातच त्यांची दृष्टी दिसते.

रुग्णालयाबाहेर ताटकळणाऱ्यांसाठी काय केले?

धीर देणे म्हणजे बोलणे, एवढाच अर्थ बाबांनी कधी घेतला नाही. पंढरपूर, नाशिक, आळंदी, देहू येथे त्यांनी धर्मशाळा उभ्या केल्या. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा १९१७ची. या जागा वारकऱ्यांसाठी होत्या. पण आयुष्याच्या अखेरीस त्यांची नजर आणखी एका गर्दीवर गेली. मुंबईच्या मोठ्या रुग्णालयांत गावाकडून रुग्ण येत. रुग्णाला खाट मिळे, पण सोबत आलेली आई, बायको, भाऊ फुटपाथवर पडून राहत. १९५४ मध्ये जे. जे. रुग्णालयाजवळ अशा नातेवाइकांसाठी धर्मशाळा उभी राहिली.

आजही शहापूर-मुरबाडची हीच वाट आहे. उपजिल्हा किंवा ग्रामीण रुग्णालयातून पुढे पाठवले की आसनगावहून लोकल, नाहीतर मुरबाडहून एसटीने कल्याण आणि तिथून कळवा, शीव, परळ किंवा भायखळा. कसाऱ्याची शेवटची गाडी चुकली की रात्र फलाटावर किंवा रुग्णालयाच्या व्हरांड्यात. आजारपण लांबले तर रुग्णाआधी सोबतचा माणूस कोसळतो. न झोपता, वडापाव खाऊन, हाती न लागणाऱ्या डॉक्टरांची वाट पाहत काढलेले दिवस मृत्यूनंतरही मनातून जात नाहीत. अखेरच्या दिवसांत आपण नीट काही करू शकलो नाही, ही बोचणी दुःखात सर्वांत खोल रुतते. त्या दिवसांत पाठ टेकायला जागा आणि शिजवायला चूल मिळाली तर ही बोचणी थोडी कमी होते, आणि बाबांची धर्मशाळा नेमके तेच देत होती.

बाबांच्या मागे हे काम वाढले. दादर पूर्वेला गाडगे महाराजांच्या नावाची धर्मशाळा आहे. परळच्या टाटा मेमोरियलमध्ये उपचारासाठी येणारे कर्करुग्ण आणि त्यांचे नातेवाईक तिथे राहतात. अशा ठिकाणी जागा मागायला जाताना केसपेपर आणि ओळखपत्र जवळ ठेवावे आणि रुग्णालयातील समाजसेवा विभागात आधी चौकशी करावी, म्हणजे हेलपाटे वाचतात.

सरकारी बाजूने आता दोन सोयी लक्षात ठेवण्यासारख्या आहेत. बरे न होणाऱ्या आजारात वेदना कमी करणारी, घरच्यांनाही आधार देणारी पॅलिएटिव्ह केअर ही आयुष्मान आरोग्य मंदिरांच्या ठरवून दिलेल्या सेवांत धरलेली आहे. त्यामुळे अंथरुणाला खिळलेल्या रुग्णासाठी गावच्या आशाताईकडे किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात याच नावाने विचारणा करता येते. आणि मृत्यूनंतर आठवडे उलटले तरी झोप नाही, जेवण जात नाही, जगावेसे वाटत नाही, अशी अवस्था असेल तर टेलिमानस या सरकारी सेवेचा १४४१६ हा क्रमांक दिवसरात्र चालू असतो. त्यावर मराठीत बोलता येते, पैसे लागत नाहीत.

बाबासाहेब गेले तेव्हा काय झाले?

खारेपाटणच्या गोष्टीचा दुसरा भाग प्रवचनात क्वचितच येतो. गाडगेबाबा आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचा जिव्हाळा जुना होता. अस्पृश्यता आणि अशिक्षितपणा या दोन्हींविरुद्ध दोघांची लढाई होती. १९४९ मध्ये बाबांनी पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या हवाली केली. कीर्तनात बाबासाहेबांचे नाव घेऊन ते लोकांना मुलांना शिकवा म्हणून सांगत.

६ डिसेंबर १९५६ रोजी बाबासाहेबांचे दिल्लीत निधन झाले. बाबा त्या वेळी ऐंशी वर्षांचे आणि आजारी होते. या बातमीने ते पार खचले, त्यांचे खाण्यापिण्यात, औषधात लक्ष राहिले नाही, असे त्यांच्या सहवासातल्या माणसांनी सांगून ठेवले आहे. मुलाच्या मृत्यूवर न थांबलेला माणूस इथे थांबला. कोणाच्या जाण्याने कोण किती मोडेल याला नियम नाही, रक्ताच्या नात्याचाही नाही. पुढच्या वेळी खारेपाटण सांगताना प्रवचनकारांनी हेही सांगितले, तर ऐकणाऱ्या घराला आपल्या अश्रूंची लाज वाटणार नाही.

स्वतःच्या मृत्यूची तयारी कशी केली?

आपल्या मागे काय करायचे, हे बाबांनी आधीच स्पष्ट करून ठेवले होते. जिथे मरण येईल तिथेच अंत्यसंस्कार करावेत. मूर्ती नको, समाधी नको, मंदिर नको. संस्थांचा कारभार आपल्या माघारी कोलमडू नये म्हणून १९५२ मध्ये गाडगे महाराज मिशन स्थापन झाले होते. त्या मालमत्तेवर त्यांनी घरच्यांचा हक्क ठेवला नाही. घरातल्या वडीलधाऱ्यांशी हा विषय काढायला माणसे कचरतात, मग ऐन वेळी दहनापासून जमिनीच्या कागदांपर्यंत सगळ्यांवर भाऊबंदकी सुरू होते. बाबांनी तो वाद शिल्लक ठेवला नाही.

२० डिसेंबर १९५६ रोजी अमरावतीकडे नेत असताना वलगावजवळ पेढी नदीच्या पुलावर त्यांचा मृत्यू झाला. बाबासाहेबांना जाऊन चौदा दिवस झाले होते. अंत्यसंस्कार अमरावतीत झाले आणि त्या जागेवर लोकांनी समाधी बांधलीच. ती जागा आता गाडगेनगर म्हणून ओळखली जाते. दरवर्षी डिसेंबरात तिथे पुण्यतिथीचा सोहळा भरतो आणि गोरगरिबांच्या पंगती उठतात.