कर्नल हेमू अधिकारी

जळगावजवळच्या पिंप्राळा येथे आषाढी एकादशीला रथ निघतो. जमलेल्या सर्व लोकांचे डोळे रथाकडे लागलेले असतात. परंतु त्या अवजड रथाच्या चाकांना नेमक्या क्षणी मोगरी लावून त्याला योग्य दिशा देणारी माणसे खाली वाकून मुकाट्याने आपले काम करीत असतात. त्यांचा हात क्षणभर चुकला, तर रथ भलतीकडेच जावयाचा! खेळाच्या क्षेत्रातही अशी माणसे असतात. हेमचंद्र रामचंद्र उर्फ हेमू अधिकारी हे त्यांपैकीच एक होत.

त्यांचा जन्म ३१ जुलै १९१९ रोजी पुण्यास झाला. १९३६-३७ च्या हंगामात, वयाच्या अवघ्या सतराव्या वर्षी, ते गुजरातच्या संघातून रणजी स्पर्धेत उतरले. पुढे ते बडोद्याच्या संघातून खेळू लागले. तोच दुसरे महायुद्ध भडकले आणि सर्व देशांचे कसोटी सामने बंद पडले. अधिकारी सैन्यात दाखल झाले. खेळाडूच्या आयुष्यातील ऐन उमेदीची वर्षे अशा रीतीने निघून गेली. कसोटी सामन्यात प्रथम खेळण्याची संधी त्यांना १९४७ साली ऑस्ट्रेलियात मिळाली, तेव्हा त्यांचे वय अठ्ठावीस होते. पण गेलेल्या वर्षांबद्दल कुरकुर करीत बसणे हा त्यांचा स्वभाव नव्हता.

त्या दौऱ्यात ॲडलेडच्या सामन्यात विजय हजारे यांनी दोन्ही डावांत शतके काढली. दुसऱ्या डावात भराभर गडी बाद होत असताना अधिकाऱ्यांनी ५१ धावा करून हजारे यांना मोलाची साथ दिली. १९४८ साली दिल्लीस वेस्ट इंडीजविरुद्ध त्यांनी नाबाद ११४ धावा काढल्या. पुढे १९५२ साली दिल्लीतच भारत आणि पाकिस्तान यांचा पहिला कसोटी सामना झाला. शेवटची जोडी मैदानात होती. अशा वेळी अधिकारी ८१ धावांवर नाबाद राहिले आणि गुलाम अहमद यांच्यासह त्यांनी १०९ धावांची भर घातली. भारताने तो सामना एका डावाने जिंकला. दहाव्या जोडीचा हा भारतीय विक्रम २००४ सालापर्यंत, म्हणजे तब्बल बावन्न वर्षे अबाधित राहिला.

सैन्यातील नोकरी सांभाळून ते सर्व्हिसेस या सेनादलांच्या संघाचे नेतृत्व करीत. त्यांच्या काळात हा संघ १९५६-५७ आणि १९५७-५८ या लागोपाठच्या वर्षी रणजी स्पर्धेच्या अंतिम सामन्यापर्यंत पोहोचला. दोन्ही वेळा विजयाने हुलकावणी दिली.

१९५८-५९ च्या मोसमात वेस्ट इंडीजच्या भेदक गोलंदाजीपुढे भारताने तीन सामने गमावले. चार सामन्यांत तीन कर्णधार होऊन गेले होते. पाचव्या सामन्यात ही काट्यांची जबाबदारी अधिकाऱ्यांवर सोपविण्यात आली. एकोणचाळीस वर्षांच्या या सैनिकाने ६३ आणि ४० धावा काढल्या, तीन गडी बाद केले आणि सामना अनिर्णित राखला. तोच त्यांचा अखेरचा कसोटी सामना ठरला.

येथे एखाद्याची कारकीर्द संपली असती. अधिकाऱ्यांच्या कार्याचा दुसरा अध्याय मात्र पुढेच सुरू झाला. लेफ्टनंट कर्नल अधिकारी आता नव्या खेळाडूंना घडवू लागले. ते स्वतः उत्तम क्षेत्ररक्षक होते. त्या काळी आपल्याकडे फलंदाजी व गोलंदाजी यांचेच कौतुक अधिक. क्षेत्ररक्षण म्हणजे नाइलाजाने उन्हात उभे राहणे, असे पुष्कळांना वाटे. अधिकाऱ्यांना हे मान्य नव्हते. धावणे, व्यायाम आणि झेल टिपण्याचा सराव यांत ते कोणालाही सवलत देत नसत.

१९७१ साली अजित वाडेकर यांच्या नेतृत्वाखाली भारतीय संघ इंग्लंडला गेला, तेव्हा अधिकारी संघाचे व्यवस्थापक होते. तोवर इंग्लंडच्या भूमीवर भारताने एकही कसोटी सामना जिंकला नव्हता. ओव्हलच्या मैदानावर चंद्रशेखर यांनी ३८ धावांत सहा गडी बाद केले आणि इंग्लंडचा दुसरा डाव १०१ धावांत कोसळला. पण गोलंदाजाने निर्माण केलेली संधी झेलणारा हातही हवा असतो. फलंदाजाच्या अगदी जवळ उभ्या असलेल्या एकनाथ सोलकर यांनी झेप घेऊन ॲलन नॉट यांचा झेल जमिनीलगत टिपला. २४ ऑगस्ट रोजी भारताने चार गडी राखून सामना जिंकला आणि त्याबरोबर मालिकाही जिंकली. रोजच्या सरावात गाळलेल्या घामाचे मोल तेव्हा सर्वांना कळले.

यश मात्र नेहमी सोबत राहत नाही. १९७४ च्या इंग्लंड दौऱ्यातही अधिकारीच व्यवस्थापक होते. त्या वेळी भारताने तिन्ही सामने गमावले आणि लॉर्ड्सवर एक डाव केवळ ४२ धावांत आटोपला. शिस्तीने विजयाची हमी मिळत नाही. ती माणसाला विजयासाठी सज्ज करते, इतकेच. हे ओळखूनच अधिकाऱ्यांनी आपले काम चालू ठेवले आणि शिबिरांतून कित्येक होतकरू मुलांना खेळाचे धडे दिले.

२५ ऑक्टोबर २००३ रोजी मुंबई येथे त्यांचे निधन झाले. एकवीस कसोटी सामने आणि ८७२ धावा एवढीच त्यांची नोंद आकड्यांत आढळते. परंतु दुसऱ्याच्या हातून टिपल्या गेलेल्या झेलांत त्यांचा वाटा किती होता, हे कोणत्याही धावफलकावर लिहिलेले नसते.