जग फिरवणारा सुतार

बोईसरचा एखादा मुलगा मास्टर्सला जर्मनीला निघतो तेव्हा त्याची तयारी कशी असते बघा. लोकलने अंधेरी गाठायचं, तिथून एअरपोर्ट, एवढं तर पक्कंच. पण फ्रँकफर्टला उतरल्यावर पुढे युनिव्हर्सिटीच्या गावाला जायचं रेल्वेचं तिकीटही तो इथूनच, घरी बसून मोबाइलवर काढतो. ते स्टेशन त्याने पाहिलेलं नाही, तिथली भाषाही धड येत नाही. तरी बाबांच्या कार्डवरून पैसे जातात आणि स्क्रीनवर कोड येतो. न पाहिलेल्या देशातल्या गाडीसाठी आधीच पैसे मोजायची ही सवय लोकांना लावली ती एका सुताराने. त्याचं नाव थॉमस कुक.

कुकचा जन्म २२ नोव्हेंबर १८०८ चा, इंग्लंडमधल्या डर्बीशायर परगण्यातल्या मेलबर्न गावचा. वडील तो लहान असतानाच गेले. दहाव्या वर्षी शाळा सुटली आणि भाजीच्या मळ्यात रोजंदारी सुरू झाली. पुढे तो सुतारकाम शिकला. विशीत बाप्टिस्ट पंथाचा फिरता प्रचारक झाला. १८२९ या एका वर्षात त्याने दोन हजारांहून जास्त मैल पायी तुडवले, कारण गाडीभाड्याला पैसेच नव्हते. प्रवास म्हणजे किती हाल, हे त्याच्या पायांना ठाऊक होतं.

तो कट्टर दारूबंदीवाला होता. कारखान्यांतले कामगार सुटीचा दिवस आणि आठवड्याची मजुरी गुत्त्यात घालवतात, याचं त्याला वाईट वाटायचं. जून १८४१ मध्ये दारूबंदीच्या एका सभेला तो लेस्टरला पायी चालला होता. वाटेत त्याच्या डोक्यात आलं की, या लोकांना सुटीत दुसरीकडे कुठेतरी नेलं तर? त्याने रेल्वे कंपनीला गाठलं आणि स्पेशल गाडी मागितली. ५ जुलै १८४१ ला सुमारे ५०० माणसं लेस्टरहून लफबरोला गेली आणि संध्याकाळी परत आली. जेमतेम अकरा-बारा मैलांचं अंतर, जाऊन-येऊन भाडं एक शिलिंग. आज सहलीची बस ठरवताना आपण जे करतो तेच हे. गर्दी आपण जमवायची, गाडीवाल्याकडून दर कमी करून घ्यायचा.

१८४५ मध्ये त्याने धंदा म्हणून पहिली सहल लिव्हरपूलला नेली. सोबत छापील माहितीपुस्तिका दिली. पुढच्या वर्षी साडेतीनशे माणसं स्कॉटलंडला नेली आणि तिथे तोंडघशी पडला. वाटेत प्रेस्टनला चहापाण्याची सोय होईल असं कबूल केलं होतं, ती झालीच नाही. गाडीत शौचालय नव्हतं. लोक भडकले. त्याच वर्षी त्याच्यावर दिवाळखोरीची पाळी आली. आगाऊ पैसे घेणं सोपं असतं, दिलेला शब्द शेवटच्या स्टेशनपर्यंत पाळणं कठीण. हा धडा त्याला महागात पडला, पण पुढे आयुष्यभर पुरला.

१८५१ मध्ये लंडनला मोठं जागतिक प्रदर्शन भरलं. त्यासाठी त्याने दीड लाखांच्या आसपास माणसं नेली, त्यात बहुतेक साधी कष्टकरी मंडळी. १८५५ मध्ये पॅरिसला प्रदर्शन होतं. सरळ मार्गावरच्या कंपन्यांनी त्याला सवलत नाकारली, तेव्हा गडी बेल्जियम आणि ऱ्हाइन नदीच्या काठाने वळसा घालून पॅरिसला पोहोचला. नुकसान झालं, पण परदेशाची वाट उघडली. १८६२ मध्ये स्कॉटलंडच्या रेल्वे कंपन्यांनीही दार लावून घेतलं. मग पुढच्याच वर्षी तो लोकांना घेऊन स्वित्झर्लंडला गेला. या सहलींना एकट्या बायकाही येऊ लागल्या. घरातल्या पुरुषाशिवाय परदेश पाहता येतो, हे त्या काळी नवलच होतं. उच्चभ्रू मंडळी वर्तमानपत्रांतून नाकं मुरडायची, आल्प्सवर आता कोणीही सोम्यागोम्या येतो म्हणून. कुकला हेच तर हवं होतं.

त्याची खरी कमाल कागदात होती. युरोपात देशागणिक रेल्वे कंपनी वेगळी, चलन वेगळं, भाषा वेगळी. कुक या सगळ्यांशी आधीच करार करायचा. प्रवाशाला लंडनमध्येच पूर्ण मार्गाची तिकिटं मिळायची. १८६८ पासून हॉटेलची कुपनंही आली. प्रवासी पैसे कुककडे भरणार, हॉटेलात कुपन देणार, हॉटेलवाला ते कुपन कुककडे पाठवून आपले पैसे वसूल करणार. आजच्या बुकिंग ॲपच्या पोटातही हाच व्यवहार चालतो. १८७३ मध्ये त्याच्या कंपनीने युरोपातल्या गाड्यांचं एकत्र वेळापत्रकही छापायला घेतलं.

सप्टेंबर १८७२ मध्ये साठी ओलांडलेला कुक काही प्रवाशांना घेऊन जगप्रदक्षिणेला निघाला. अमेरिका, जपान, चीन करत तो भारतात आला आणि रेल्वेने मुंबईकडे निघाला. मुंबई-कोलकाता रेल्वे जबलपूरमार्गे जोडली जाऊन तेव्हा दोन-तीनच वर्षं झाली होती. पालघरवरून जाणारी आपली लाइन तर १८६४ मध्येच मुंबईला पोहोचली होती. आगगाडी आणि आगबोट जिथे भेटतात ते मुंबई हे बंदर त्याच्या धंद्याला अगदी सोयीचं होतं. एकूण २२२ दिवसांनी तो घरी परतला.

पुढे १८८० च्या दशकात त्याच्या कंपनीचं ऑफिस मुंबईत आलं. हजला जाणाऱ्या यात्रेकरूंची तेव्हा मुंबईत फार परवड व्हायची. दलाल फसवायचे, बोटीत माणसं कोंबली जायची, जहाजाची वाट बघत लोक बंदरावर पडून राहायचे. सरकारने हे काम कुक कंपनीकडे दिलं. गावाजवळच्या स्टेशनपासून मुंबई आणि तिथून बोटीने जेद्दा, असं रेल्वे आणि बोटीचं एकत्र तिकीट निघालं. काही वर्षांत तोट्यामुळे ही व्यवस्था बंद पडली. पण परदेशी जाण्याआधी आपल्या स्टेशनवरूनच सगळं तिकीट हातात, ही कल्पना इथेही येऊन गेली होती.

हे काम पाहिलं ते मुलगा जॉन मेसन याने. बापलेकांचं कधी पटलंच नाही. बापाला सहल म्हणजे समाजसेवा वाटायची, मुलाला हिशोब हवा असायचा. १८७८-७९ च्या सुमारास थॉमसला स्वतःच्याच कंपनीतून बाजूला व्हावं लागलं. मुलगी ॲनी १८८० मध्ये गेली, चार वर्षांनी बायको गेली. लाखोंना जग दाखवणाऱ्या या माणसाची नजरही शेवटी गेली. १८ जुलै १८९२ ला लेस्टरमध्ये तो वारला.

इंग्लंडमधली त्याची कंपनी सप्टेंबर २०१९ मध्ये एका रात्रीत बुडाली. जगभर सुमारे सहा लाख प्रवासी अडकले. त्यातल्या सुमारे दीड लाख ब्रिटिशांना सरकारने परत आणलं. पॅकेज सहलींना तिथे कायद्याचं संरक्षणही आहे. भारतातली त्याच नावाची कंपनी तोवर वेगळ्या मालकीची झाली होती, ती चालू राहिली.

तेव्हा मंडळी, परदेशातलं तिकीट काढताना कुकचा स्कॉटलंडचा धडा लक्षात ठेवा. स्वस्त तिकीट बऱ्याचदा एकाच गाडीला बांधलेलं असतं. विमानाला उशीर झाला आणि गाडी चुकली, तर पैसे गेलेच समजा. विमान आणि रेल्वे वेगवेगळी बुक केली असतील, तर मध्ये भरपूर वेळ ठेवा, नाहीतर दोन पैसे जास्त देऊन कुठल्याही गाडीला चालणारं तिकीट घ्या. रद्द केल्यास काय मिळणार, हे पैसे भरण्याआधी वाचा. आणि तिकिटाची एक प्रिंट बॅगेत असू द्या. बॅटरी संपली तरी कागद चालतो, हे कुकच्या प्रवाशांनी केव्हाच दाखवून दिलंय.