फातिमा इस्माईल : लेकीच्या आजारातून उभं राहिलं मुलांचं रुग्णालय

मरहूमा फातिमा इस्माईल यांचा जन्म १९०३ सालचा. गांधीजींना साथ देणारे मुंबईचे गिरणीमालक उमर सोबानी हे त्यांचे भाऊ.

१९४०च्या दशकात त्यांच्या लहानग्या मुलीला पोलिओ झाला. तेव्हा लस नव्हती, ती आली १९५५ मध्ये. पाय लुळा पडला की नशीब म्हणून गप्प बसणारी घरं खूप होती. फातिमाबी गप्प बसल्या नाहीत. डॉक्टर शोधले, व्यायामाचे उपचार नेटाने चालू ठेवले. मुलगी सावरू लागली.

मग प्रश्न पडला, बाकीच्या मुलांचं काय? १९४७ मध्ये डॉ. ए. व्ही. बाळिगा यांच्या मदतीने त्यांनी मुंबईत अशा मुलांसाठी उपचार केंद्र सुरू केलं. त्यातूनच पुढे हाजीअलीचं मुलांचं अस्थिरोग रुग्णालय उभं राहिलं. १९५८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. १९७८ ते १९८४ त्या राज्यसभेच्या नामनियुक्त सदस्य होत्या. १९८७ मध्ये त्यांचं निधन झालं.

२०१४ मध्ये भारत पोलिओमुक्त जाहीर झाला. पण मूल वेळेवर बसत नाही, बोलत नाही, आवाजाकडे वळत नाही, हे आजही घरात लपवलं जातं. लोक काय म्हणतील, ही भीती असते. चितेगाव असो की मुंबई, वेळ हातची गेली की उपचार अवघड होतात. अंगणवाडीत तपासणीचं पथक येतं, तेव्हा मुलाला जरूर दाखवा. फातिमाबींची खिदमत एका आईच्या न लाजण्यातूनच सुरू झाली होती.