पेढीवरचा क्रांतिकारक

क्रांतीचा इतिहास लिहिताना पेढीवरच्या जमाखर्चाच्या वह्या सहसा कोणी उघडीत नाही. फ्रीड्रिख एंगल्सच्या बाबतीत मात्र त्या उघडल्यावाचून गत्यंतर नाही. १८२० साली बार्मेन येथे गिरणीमालकाच्या घरी जन्मलेल्या एंगल्सला वडिलांनी १८४२ मध्ये मँचेस्टरला धाडले, ते भागीदारीतल्या सूतगिरणीचा व्यवहार शिकण्यासाठी. तो शिकलाही, पण त्याने मजुरांच्या अंधाऱ्या वस्त्याही पालथ्या घातल्या आणि १८४५ मध्ये त्यांच्या दैन्यावर ग्रंथ लिहिला. १८४९ च्या बाडेनच्या उठावात तो लढला, हरला आणि पुढच्याच वर्षी निमूटपणे त्याच पेढीवर रुजू झाला! तेथील सुमारे १९ वर्षांच्या मिळकतीवर मार्क्सचा संसार बव्हंशी चालला.

मँचेस्टरचा बहुतेक कापूस अमेरिकेतील गुलामांच्या मळ्यांतून येई. १८६१ मध्ये तिकडे यादवी पेटताच आपल्या वऱ्हाड-खानदेशच्या कापसाला एकाएकी सोन्याचे मोल आले. या जगड्व्याळ साखळीचा एंगल्स हा स्वतःच एक दुवा होता. याला ढोंग म्हणणे सोपे आहे; प्रस्तुत लेखकास ते पटत नाही. गिरणीतली यंत्रे किती वर्षांनी बदलावी लागतात, हे मार्क्सने १८५८ मध्ये पत्राने विचारले ते त्यालाच. ग्रंथालयात बसून ते कळण्याजोगे नव्हते. १८६९ मध्ये त्याने पेढी सोडली. मार्क्सच्या पश्चात 'भांडवल'चे उरलेले दोन खंड त्याने हस्तलिखितांतून सिद्ध केले. त्यांतला शेवटचा १८९४ मध्ये निघाला आणि पुढच्या वर्षी तो वारला.